समोरची काच

गुंजीत सकाळ एकाएकी होत नाही. आधी स्टेशनापलीकडच्या झाडांच्या शेंड्यांवर एक फिकट रेघ उमटते. ती उजेडाची आहे की कोणी पेटवलेल्या पाचोळ्याच्या धुराची, हे बराच वेळ ठरत नाही. मग ती रुळांना कळते. रूळ आधी राखी रंगाचे असतात. पाहता पाहता त्यांच्यावरून एक पातळ चमक घरंगळत येते आणि लोंढा जंक्शनच्या दिशेने निघून जाते. त्यानंतर उजेड गावात शिरतो, पण घाई न करता. गवताच्या गंजीवर तो थोडा रेंगाळतो, सारवलेल्या अंगणाच्या कडेकडेने चालतो, न्हाणीपाशी पालथ्या घातलेल्या हंड्याच्या पोटावर एक गोल ठिपका ठेवतो. कोंबडी मान वाकडी करून त्या ठिपक्याकडे पाहते आणि काही न बोलता पुढे जाते. आणि मग, सगळ्यांत शेवटी, फणसाच्या पानांतून गळत गळत तो माझ्यापर्यंत येतो. आधी डाव्या दिव्याच्या कडेवर, मग बॉनेटवरच्या दवावर. एकेक थेंब जागा होतो, क्षणभर स्वतःपुरता सूर्य होतो आणि ओघळून जातो.

पूर्वी हा उजेड माझ्या समोरच्या काचेवर येऊन विसावत असे आणि तिच्यातून गाळून आत उतरत असे. काल संध्याकाळपासून मला समोरची काच नाही. आज तो कोठेही न थांबता आत आला आहे आणि चालकाच्या रिकाम्या आसनावर बसला आहे.

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. इतकी जुनी, की माझ्या मैलांच्या मापाचे आकडे एकदा संपून पुन्हा शून्यापासून सुरू झाले आणि दुसऱ्या खेपेला मध्येच दमून थांबले. आज बेळगावचा मोडीचा व्यापारी मला न्यायला यायचा आहे. तो येण्यापूर्वी माझी हकीकत तुमच्या कानांवर घालावी असे वाटते. गाडीला बोलता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. मला ते तुमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यात झाला. जन्माची आठवण म्हणाल तर ठिणग्यांची, घणांची आणि ओल्या हिरव्या रंगाच्या वासाची. तो रंग वाळेपर्यंत मला कोणी हात लावत नव्हते. तेवढाच वेळ मी कोणाचीही नव्हते. पुढे एकोणीसशे एकाहत्तर साली खानापूरचे लाकडाचे ठेकेदार मारुतीराव यांनी मला विकत घेतले आणि त्यांच्या वखारीच्या दारात मला प्रथम भरमू भेटला.

भरमू त्यांचा नवा ड्रायव्हर होता. पंचविशीचा, किडकिडीत, गुंजीच्या शेतकरी घरातला. वखारीतली माणसे माझ्याभोवती जमून कोणी टायरला लाथ मारून पाहत होते, कोणी भोंगा वाजवत होते. भरमूने यातले काही केले नाही. त्याने खांद्यावरचे फडके काढले आणि माझी समोरची काच पुसली. आधी कोपरे, मग मधला भाग, मग आतल्या बाजूने पुन्हा. काच नवीकोरी होती. तिच्यावर पुसण्यासारखे काही नव्हते.

"काय रं, नवरी हाय व्हय, न्हाऊ घालायलास?" वखारीतला कोणी म्हणाला.

"काच नितळ तर वाट नितळ," भरमू म्हणाला. एवढे बोलूनही तो लाजला आणि बॉनेटमागे वाकून काहीतरी शोधू लागला.

त्या दिवसापासून एकही सकाळ अशी गेली नाही, की त्याने माझी काच पुसली नाही.

ठेकेदाराचे काम कणकुंबीच्या रानात चाले. तिकडचे रस्ते म्हणजे नुसत्या चाकोऱ्या. बैलगाड्यांनी खोदलेल्या आणि पाण्याने खरवडलेल्या. धुके असे उतरे, की माझेच नाक मला दिसत नसे. गवे वाटेत उभे राहत आणि आपल्याला कोठेच जायचे नाही अशा नजरेने पाहत. भरमू मला ओरबाडत नसे. चढणीला तो आपल्या अंगानेही थोडा पुढे झुके, जणू माझे ओझे वाटून घेत होता. त्या वर्षांत त्याने ती सारी वाट पाठ केली. कोणत्या जांभळीनंतर वळण आहे, कोणत्या मोरीला कठडा नाही, कोठे खडी आहे, कोठे चिखल, हे त्याच्या हातापायांत जाऊन बसले. ही गोष्ट ध्यानात ठेवा. तिचा पुढे उपयोग झाला, आणि घातही तिनेच केला.

सहा वर्षांनी मारुतीरावांच्या दारात गुबगुबीत आसनांची मोटार आली. माझ्याकडे पाहून ते भरमूला म्हणाले, "हिला तुझ्याशिवाय कोण ओळखतंय? जा घेऊन घरी." भरमूने मान खाली घातली. गुंजीची कमान दिसली तेव्हा मात्र त्याने काही कारण नसताना भोंगा वाजवला. एकदा थांबून पुन्हा वाजवला.

मग आमचे वडाप, म्हणजे भाड्याने माणसे नेणे, सुरू झाले. गुंजी ते खानापूर रोज, बाजाराच्या दिवशी बेळगावपर्यंत. माणसे आत मावतील तेवढी मावत, उरलेली मागे लोंबकळत. काकड्यांच्या पाट्या, कोंबड्या, जत्रेहून परतणारी पोरे, कोर्टात तारखेला निघालेले गंभीर म्हातारे, सगळ्यांना मी वाहिले.

"भरमाण्णा, चढ आला. उतरून ढकलू काय?" मागून कोणी डिवचे.

"उतर की. पर भाडं आधी दिऊन उतर," भरमू पुढे पाहत म्हणे, आणि सगळी गाडी हसे. मीही हसे, पण माझे हसणे त्यांना खडखड वाटे.

माझेही दिवस होते, मित्रांनो. कणकुंबीच्या एका माणसाला साप चावला तेव्हा भरमूने मला अशा वेगाने बेळगावला आणले, की माझ्या ताडपत्रीची एक बाजू वाऱ्याने फाटून गेली. तो माणूस वाचला. पुढच्या आठवड्यात त्याच्या आईने माझ्या चाकापुढे नारळ फोडला आणि ओल्या हाताने माझ्या बॉनेटवरून, गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा, हात फिरवला. खंडेनवमीला भरमूची बायको शालूबाई मला झेंडूचा हार घाली, चारी चाकांखाली लिंबे ठेवी. त्यांची एकुलती मुलगी अक्काताई माझ्या मागच्या बाकावर बसून पाढे पाठ करत मोठी झाली.

तिचे लग्न निपाणीला झाले. जावई तंबाखूच्या वखारीत कारकून होता. पाठवणीला भरमूने तिला माझ्यातूनच नेले. सासरच्या दारात उतरताना ती रडू लागली, तेव्हा हा अबोल माणूस चारचौघांत म्हणाला, "रडू नको आक्का. पैल्या बाळंतपणाला मीच न्याला येतो. ह्याच गाडीनं." सासरची माणसे हसली. भरमू हसला नाही. त्याने शब्द दिला होता.

त्यानंतर केव्हातरी ते सुरू झाले. नेमके केव्हा, हे मला सांगता येत नाही. संध्याकाळ कोणत्या क्षणी होते, हे तरी कोण सांगू शकते?

आधी भरमू म्हणाला, माझे दिवे मंद झाले आहेत. खानापूरच्या मष्णू मेस्त्रीने दिवे बदलले. दहा-बारा दिवस बरे वाटले असावे. निदान भरमूने तसे सांगितले. मग तो म्हणाला, काचेवर ओरखडे पडले आहेत. मष्णूने नवी काच बसवली. मग वायपर, मग बाजूचे आरसे. माझ्या अंगावरची एकेक वस्तू नवी होत गेली. लोक म्हणत, म्हातारपणी जीप नटायला लागली. मला मात्र प्रत्येक नव्या वस्तूबरोबर अधिकाधिक एकटे वाटू लागले, कारण माझ्यात काही बिघडलेले नव्हते.

कोरड्या, स्वच्छ सकाळीही तो काच पुसताना थांबेनासा झाला. बाहेरून, आतून, पुन्हा बाहेरून. फडक्याचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. काच झळझळीत झालेली असे आणि तो तिच्याकडे असा पाहत असे, जणू तिने त्याच्यापासून काही लपवले आहे. रेडिएटरमध्ये पाणी ओतताना अर्धे पाणी बाहेर जाऊ लागले. भर दुपारी अंगणात कोणी आले, की तो "कोण रं?" असे विचारू लागला आणि आवाज ऐकल्यावरच नाव घेऊ लागला. गाडी चालवताना शेजारच्याला तो गप्पांच्या ओघात विचारल्यासारखे विचारे, "समोरनं कोण यायलंय बघ." शेजारचा सांगे, "येसटी हाय." मग भरमू मला हळूच कडेला घेई.

कोणालाच संशय आला नाही. येणार कसा? गुंजी-खानापूरची वाटही आता कणकुंबीच्या वाटेसारखीच त्याच्या हातापायांत होती. वळण आले, की हात वळत. मोरी आली, की पाय हलका होई. लोक म्हणत, भरमाण्णाने डोळे मिटून चालवली तरी गाडी घरी येईल. हे ते कौतुकाने म्हणत.

एकदा मष्णू मेस्त्री माझ्या पोटाखालून तेलकट तोंडाने बाहेर आला आणि म्हणाला, "भरमाण्णा, हिच्यात आता बदलाय कायबी ऱ्हायलं न्हाय. जुना असा तूच तेवढा हायस."

भरमू हसला. पण त्याचा हात माझ्या स्टेअरिंगवर होता. त्या हाताची पकड एकदम आवळली, हे फक्त मला कळले.

घरात माझ्यावरून वाद सुरू झाले. भरमूचा धाकटा भाऊ नागोजी जेवायला आला, की विषय काढी. "दादा, मोडीत घाल ती. तिच्या मागं किती दिस घालवणार? खानापुरात सगळी नव्या गाड्या घ्यायलेत." शालूबाई गप्प असे. पण एका संध्याकाळी मी परतताना फाटकाच्या खांबाला घासले गेले, आणि मग तिच्याने राहवले नाही.

"अवो, लेक अवघडलीया. सातवा लागला की तिला आणाय जायचं म्हणतासा. ह्या गाडीवर माजा जीव लागंना. येसटीनं आणूया."

"मी शब्द दिलाय."

"मग देवीला कौल लावूया. ती म्हणाली ठेव तर ठेवा. ती नको म्हणाली तर नागोजी भावजींच्या हवाली करा."

मित्रांनो, आमच्या भागात घरचा निकाल घरात लागला नाही, की तो देवीपुढे नेतात. गुरव देवीच्या मूर्तीला दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न मोठ्याने सांगतो. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. प्रश्न एकच विचारायचा आणि देवी जे विचारले त्याचेच उत्तर देते, अशी सगळ्यांची श्रद्धा आहे.

मला देवळाच्या दारात उभे केले होते. आतला गारवा आणि ओल्या फुलांचा वास माझ्यापर्यंत येत होता. परशराम गुरवाने पाकळ्या लावल्या आणि विचारले, "काय मागणं घालू, भरमाण्णा?"

भरमूने हात जोडले. "विचार, ह्या गाडीत काय खोट हाय काय? नसंल तर ठेवू?"

"गाडीत खोट नसंल तर उजवी दे गं आई," गुरव म्हणाला.

बराच वेळ काहीच झाले नाही. समईची ज्योत हलली. नागोजी खोकला. मग एक पाकळी निसटली आणि पायरीवर पडली. बायकांनी निःश्वास सोडले.

"कुठली पडली?" भरमूने विचारले.

तो मूर्तीच्या अगदी समोर, सगळ्यांच्या पुढे उभा होता. त्याने हे का विचारावे, असा प्रश्न त्या गर्दीत कोणालाही पडला नाही.

"उजवी, आण्णा. उजवी पडली," गुरव म्हणाला.

भरमूने बाहेर येऊन माझ्या बॉनेटवर अंगारा लावला. त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी अक्काताईच्या लग्नातही पाहिला नव्हता. आणि मी, जिच्या बाजूने निकाल लागला होता, ती त्या दारात थरथरत उभी होती. देवी खरे बोलली होती. तिला जे विचारले, त्याचे तिने खरे उत्तर दिले होते. जे विचारायला हवे होते, ते कोणी विचारले नव्हते. आणि ज्याला ते ठाऊक होते, त्यानेच प्रश्न घातला होता.

आम्ही निपाणीला गेलो. जाताना शेजारी नागोजी होता. तो सतत बोलत होता आणि भरमू त्याच्या बोलण्यातून रस्ता काढत होता. निपाणीला नागोजीला एका मित्राने ठेवून घेतले. परतताना मागे विहीणबाईंनी दिलेली पोती, डबे, लोणच्याच्या बरण्या होत्या आणि पुढे, भरमूच्या शेजारी, अक्काताई. तिची ओटी भरलेली होती. केसांत अबोली होती. तंबाखूच्या वखारींचा उग्र गोडसर वास गावाबाहेरपर्यंत आमच्याबरोबर आला आणि मग मागे राहिला.

"आप्पा, सावकाश," ती म्हणाली.

"बैलगाडीसारखी नेतो बघ तुला."

तवंदीचा घाट ही काही आमची वाट नव्हती. तेथली जांभळ त्याच्या ओळखीची नव्हती, मोरी त्याच्या पायांना ठाऊक नव्हती. दुपार कललेली, ऊन समोरून येत होते. समोरून कोण येते, ते त्याने शेजारी विचारले नाही. लेकीला तो कसे विचारणार? ती डोळे मिटून बसली होती. त्याने मला दुसऱ्या गिअरमध्ये धरले आणि रस्त्याच्या मधोमध, चाचपडत, चालवू लागला. वळणापुढे तंबाखूच्या बोदांनी, गच्च बांधलेल्या गठ्ठ्यांनी, भरलेली एक बैलगाडी चालली होती. रस्त्याच्याच रंगाची, पण बैलांची शिंगे रंगवलेली होती, लाल. मला ती किती दुरून दिसली. मित्रांनो, मी काय करू शकत होते? मला भोंगा आहे, पण तो दुसऱ्याच्या हाताने वाजतो. मला ब्रेक आहेत, पण ते दुसऱ्याच्या पायात आहेत. मी वाट पाहिली. पाय येईल, आता येईल, असे म्हणत राहिले.

अक्काताईने डोळे उघडले. "आप्पा, गाडी!"

पाय आला. माझे ब्रेक त्याच क्षणी लागले. त्यांनी जराही उशीर केला नाही. उशीर त्याच्या आधीच झालेला होता. भरमूने मला डोंगराच्या बाजूला ओढले, मी दगडी मोरीवर आदळले आणि माझी समोरची काच एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तडकली. बरण्या फुटल्या. लोणच्याचे तेल माझ्या तळावरून वाहू लागले.

गाडीवान खाली उतरून आला. "कण्ण काणसंगिल्लेनु?" तो ओरडला. डोळ्यांनी दिसत नाही का, असे तो कानडीत विचारत होता. आमच्या भागात कानडी कोणाला कळत नाही?

भरमूने ऐकले. त्याचे ओठ हलले. मग त्याने माझ्या स्टेअरिंगवर हात आपटला आणि म्हणाला, "जुनी गाडी हाय बाबा. स्टेरिंग ओढलं."

इतक्या वर्षांत त्याने माझ्याविरुद्ध उच्चारलेला तो पहिला शब्द होता.

अक्काताई काही ऐकत नव्हती. तिने दोन्ही हात पोटावर ठेवले होते आणि मान खाली घालून ती वाट पाहत होती. बैल शेपट्या हलवत उभे होते. घाटातले ऊन एका दगडावरून दुसऱ्या दगडावर सरकले. भरमू तिच्याकडे तोंड करून बसला होता, पण तिच्याकडे म्हणजे नेमके कोठे पाहावे, हे त्याला कळत नव्हते.

"फिरलं," शेवटी ती म्हणाली. "आप्पा, फिरलं."

मग ती रडली. पुढे एका ट्रकवाल्याच्या जोडीदाराने मला चालवत सगळ्यांना संकेश्वरवरून बेळगावपर्यंत आणि तेथून गुंजीला आणून सोडले.

गावात बातमी पसरली, की जीपने दगा दिला. फणसाखाली येऊन लोक मला पाहून जाऊ लागले. ज्यांना मी बाजाराला नेले, ज्यांच्या वराती वाहिल्या, ते माझ्याकडे पाहून मान हलवत. "म्हाताऱ्या बैलावर आन् म्हाताऱ्या गाडीवर इस्वास ठेवू न्हाय," असे एक जण म्हणाला. नागोजीने बेळगावच्या मोडीच्या व्यापाऱ्याला निरोप धाडला. भरमूने अडवले नाही.

परवा मष्णू मेस्त्री आला. त्याने मला चालू केले, स्टेशनापर्यंत नेले, परत आणले, आणि ओसरीवर बसलेल्या भरमूपुढे उभा राहिला.

"स्टेरिंग सरळ हाय, भरमाण्णा."

"त्या दिशी ओढलं."

"न्हाय ओढत. ओढलं असतं तर आत्ताबी ओढलं असतं."

"तू हुतास काय तिथं?" भरमू म्हणाला. असा चिरका आवाज त्याच्या गळ्यात आहे, हे मला ठाऊक नव्हते. मष्णूने खांदे उडवले आणि हत्यारे गोळा केली.

शालूबाईला मात्र वेगळेच काही सलत होते. काल दुपारी ती भाकरी थापता थापता थांबली आणि म्हणाली, "अवो, म्हणजे देवी खोटं बोलली व्हय? तिनं उजवी दिलती."

भरमू खांद्यावरच्या फडक्याची घडी करू लागला.

"सगळं गाव म्हणायलंय, गुंजीचा कौल खोटा पडला. परशराम गुरव तोंड चुकवून जातोय. म्या तरी काय समजू? गाडी खोटी का देवी खोटी?"

तो उठला, चपला शोधल्या आणि भिंतीच्या आधाराने देवळाकडे गेला. दिवेलागणीपर्यंत तो तेथेच बसून होता, असे म्हणतात. त्याने काय मागितले, मला ठाऊक नाही. तो तिकडे असतानाच मष्णू पुन्हा आला. तडकलेल्या काचेचे कपचे अंगणात पडू लागले होते, शेजारची पोरे अनवाणी खेळत. म्हणून अक्काताईने त्याला बोलावले होते. त्याने चौकटीसकट काच काढली, पोत्यात गुंडाळली आणि नेली. भरमू परतला तेव्हा अंधारले होते. तो माझ्याजवळून गेला, थांबला नाही.

माझी हकीकत येथे संपायला हवी, मित्रांनो. आमच्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुमच्याकडे काही मागतात, अशी रीत आहे. तेल घाला, धूळ पुसा, गंजू देऊ नका, असे मी मागणार नाही. माझ्या वाट्याला ते सारे आले. माझी जेवढी निगा राखली गेली, तेवढी थोड्याच गाड्यांची राखली जात असेल. माझे मागणे दुसरेच आहे. तुमच्या घरात कोणी एखादी वस्तू पुन्हा पुन्हा पुसत असेल, पुन्हा पुन्हा दुरुस्त करत असेल, आणि तरीही त्याचे समाधान होत नसेल, तर त्या वस्तूकडे पाहू नका. त्या हाताकडे पाहा. त्याच्याजवळ जाऊन बसा. कदाचित तो सांगणार नाही. तरी बसा. मी इतकी वर्षे त्याच्याजवळ होते, त्याला माझ्यात बसवून घेऊन फिरले, आणि मला एक शब्दही बोलता आला नाही.

आता उजेड ओसरीच्या पायरीपर्यंत पोहोचला आहे. दार उघडले. भरमू बाहेर येतो आहे. खांद्यावर तेच फडके. तो अंगण ओलांडतो, एका हाताने फणसाचा बुंधा चाचपतो, मग माझा दरवाजा. व्यापारी येईपर्यंत त्याला माझ्यात बसायचे असावे. तो आसनावर बसतो. त्याच्या तोंडावर ऊन पडले आहे. तो डोळे मिटत नाही.

अक्काताई चहाचा पेला घेऊन येते. तिची चाल जड झाली आहे. "आप्पा, च्या."

तो हात पुढे करतो. पहिल्यांदा पेला हाताला लागत नाही; ती तो त्याच्या बोटांत देते.

"आला काय गं व्यापारी?"

"न्हाय अजून."

"यिऊ दे. तवर काच पुसून ठेवतो. लई मळलीया बघ." पेला शेजारी ठेवून तो खांद्यावरचे फडके काढतो. "समोरचं काय सुदीक दिसंना झालंय."

अक्काताई त्याच्याकडे पाहत राहते. दारात शालूबाई येऊन उभी राहिली आहे. तिच्या हाताला पीठ लागलेले आहे.

"आप्पा," अक्काताई हळू आवाजात म्हणते, "काच न्हाय."

"आँ?"

"काल मष्णूदादानं काढून नेली. चौकटबी न्हाय. समोर कायबी न्हाय, आप्पा. निस्तं ऊन हाय."

तो फडके धरलेला हात पुढे नेतो. जेथे काच असायची तेथे हात क्षणभर थबकतो, सवयीने, आणि मग पुढे जातो. बाहेर. उजेडात. बोटे उघडतात आणि मिटतात. फडके निसटून माझ्या बॉनेटवर पडते, अजून न वाळलेल्या दवात.

हात तसाच बाहेर राहतो.

"शालू," तो म्हणतो, "देवीनं खरं सांगिटलतं. गाडीत खोट न्हाय." आणि मग लेकीकडे, तिच्या आवाजाच्या दिशेने, तोंड वळवतो.

"आक्का, मला दिसत न्हाय."